काशीला जाताय? मग बीएचयू नीट बघा, नुसतं बिर्ला मंदिर बघून परत येऊ नका

काशीला जाणाऱ्या मराठी माणसाचा प्लॅन साधारण ठरलेला असतो, विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव, गंगा आरती, सारनाथ, आणि मग टूरवाला शेवटच्या दिवशी म्हणतो की चला आता बिर्ला मंदिर. गाडी एका मोठ्या गेटातून आत जाते, मंदिरासमोर थांबते, वीस मिनिटं दर्शन, फोटो, कॉफी, परत गाडीत. घरी आल्यावर सांगतात बनारस हिंदू विद्यापीठ (बीएचयू) पण बघितलं. अहो ते बघितलं नाही, त्यातून फक्त गाडी गेली.

१३०० एकरचं आवार आहे ते. त्याला अर्धा दिवस द्या, शक्यतो सकाळचा. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी हे लिहितोय, म्हणजे कुठून आत शिरायचं, काय क्रमाने बघायचं, काय सोडलं तरी चालेल.

आणि एक गोष्ट आधीच डोक्यात घेऊन जा, म्हणजे बघायला मजा येते. हे विद्यापीठ वर्गणीतून उभं राहिलंय. पंडित मदनमोहन मालवीय देशभर हिंडले, राजे-महाराजे, शेठ-सावकार, साधी माणसं, सगळ्यांकडे झोळी पसरली. १९१५ मधे कायदा झाला, ४ फेब्रुवारी १९१६ ला व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंगच्या हातून कोनशिला बसली. त्यामुळे इथे इमारत कितीही सुंदर असली तरी आधी तिच्यावरचं नाव वाचायचं. कोणी पैसे दिले ते कळलं की अर्धी गोष्ट कळली.

पोचायचं कसं

मेन गेटला सिंहद्वार म्हणतात आणि गेटबाहेरच्या भागाचं नाव लंका. हो, लंकाच. रिक्षावाल्याला "बीएचयू" सांगितलं तर तो विचारेल कुठे, कारण आत हॉस्पिटल पण आहे, मंदिर पण आहे आणि गेटं पण बरीच आहेत, नरिया गेट, हैदराबाद गेट, सीर गेट अशी. म्हणून सरळ "लंका, सिंहद्वार" सांगायचं. अस्सी घाटावर राहत असाल तर दीड-दोन किलोमीटर आहे, सकाळी चालत जा. जुन्या विश्वनाथाजवळच्या गोदौलिया चौकाकडून येत असाल तर शेअर ई-रिक्षा मिळते, तिला तिकडे टोटो म्हणतात. बसण्याआधी भाडं विचारून घ्या, हे काही बनारसपुरतं सांगत नाहीये, कुठेही विचारावंच लागतं.

कधी जायचं? एप्रिल ते जूनमधे दुपारी बाहेर फिरायचा विचारसुद्धा करू नका, पारा ४० च्या वर असतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं इतकं की समोरची इमारत दिसत नाही, त्या दिवसांत जरा उशिरा, दहानंतर निघा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरे. वसंत पंचमीला जर तिथे असाल तर नशीबच, स्थापना दिवस असतो, वेगवेगळ्या विभागांच्या आणि कॉलेजांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ निघतात.

गेटपाशी पाच मिनिटं थांबा

लंकेच्या चौकात मालवीयजींचा पुतळा आहे. पुतळ्याभोवती ट्रॅफिकचा असा काही गोंधळ असतो की तो बघायला उभं राहणं म्हणजे धाडस, पण रस्ता ओलांडून गेटजवळ आलात की वळून एकदा बघा. मग गेटकडे. वरच्या छत्र्या, कमान, देवळासारखा आकार, ही जी स्टाइल आहे ती आत सगळीकडे परत परत दिसणारे. त्या काळात सरकारी इमारती बांधल्या जायच्या त्या बहुतेक विलायती थाटाच्या किंवा अर्धी विलायती अर्धी देशी. इथे ठरवून छत्र्या, कळस, झरोके, घुमट्या लावल्या. आत भौतिकशास्त्र शिकवतात की संस्कृत, बाहेरून कळत नाही. काहींना ते एकसुरी वाटतं. मला तरी ते आवडतं, कारण इतक्या मोठ्या आवारात कुठेही उभं राहिलं तरी आपण कुठे आहोत ते लगेच कळतं.

गेटातून आत पाऊल टाकलं की आवाज एकदम कमी होतो, हॉर्न मागे राहतात. फिरायला सहसा कोणी अडवत नाही, पण परीक्षा, आंदोलन किंवा व्हीआयपी असेल तर गार्ड विचारतात, तेव्हा ओळखपत्र खिशात असू द्या.

चालायचं का रिक्षा करायची

दोन्ही. पूर्ण कॅम्पस चालत बघायचा हट्ट धरू नका, आई-बाबा बरोबर असतील तर अजिबातच नको. आतमधे रिक्षा फिरत असतात. माझा सल्ला असा की गेटपासून मालवीय भवनापर्यंत चालत जा, तिथून मंदिरापर्यंत रिक्षा, आणि मंदिरापासून पुढचं जमेल तितकं परत चालत.

नकाशा फोनवर उघडा आणि थोडा झूम आउट करा. मस्त दिसतं ते. सगळं कॅम्पस अर्धवर्तुळात आखलंय, एकात एक अर्धगोल रस्ते आणि त्यांना छेदत जाणारे सरळ रस्ते. एका अर्धगोलावर शिकवायच्या इमारती, मागे मैदानं, त्याच्या पलीकडे होस्टेलं, मग प्राध्यापकांची घरं, साधारण असा हिशोब. काही लोक म्हणतात की हा शंकराच्या कपाळावरचा चंद्र आहे. असेलही. पण प्रॅक्टिकल फायदा असा की पोरगं होस्टेलमधून निघालं की मैदान ओलांडून सरळ वर्गात. आणि पाहुण्यांसाठी तोटा असा की वळणदार रस्त्यावर दिशा कळत नाही, दहा मिनिटं चाललं की आपण सरळ जातोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात वळून भलतीकडेच पोचलेलो असतो. म्हणून दर चौकात फोन बघा किंवा विद्यार्थ्यांना विचारा. ज्याला आपण बिर्ला मंदिर म्हणतो ते इथलं विश्वनाथ मंदिर, पण विचारताना "विश्वनाथ मंदिर" पेक्षा "वीटी" (विश्वनाथ टेंपल) म्हणा, सगळे तेच म्हणतात. तसंच महिला महाविद्यालय म्हणजे एमएमव्ही, आणि गेटच्या जवळचा चौक म्हणजे एमएमव्ही चौराहा.

मालवीय भवन

मालवीयजी राहायचे ते घर. १९१९ ते १९३८ ते कुलगुरू होते. आता तिथे योगाचे वर्ग चालतात, रविवारी गीतेवर प्रवचन असतं. घर फार भव्य वगैरे नाही, आणि तीच बघण्यासारखी गोष्ट आहे, ज्या माणसाने कोट्यवधी रुपये जमवले त्याचं घर. २५ डिसेंबरला त्यांची जयंती, तेव्हा इथल्या लॉनवर फुलांचं प्रदर्शन भरतं, शेवंतीचे इतके प्रकार असतात की बायको अर्धा तास हलत नाही (अनुभव आहे).

इथे कोणी गाइड भेटला तर तो निजामाचा किस्सा सांगणारच. मालवीयजी देणगी मागायला गेले, निजामाने चिडून चप्पल फेकली, त्यांनी ती उचलून लिलावात काढली, मग निजामाने घाबरून पैसे दिले. किस्सा भारी आहे, सांगणाऱ्याप्रमाणे तपशील बदलतात, त्यामुळे ऐकायचा, हसायचं, इतिहास म्हणून घरी येऊन सांगायचा नाही.

भारत कला भवन, हे चुकवू नका

आता मी जे सांगतोय ते शंभरातल्या नव्वद टुरिस्टांनी केलेलं नसतं. मंदिराच्या आधी भारत कला भवन बघा. विद्यापीठाचंच म्युझियम आहे, पण आत गेल्यावर कळतं की हे विद्यापीठाच्या कपाटातल्या चार मूर्ती असलं काही नाही. राय कृष्णदास नावाच्या बनारसच्या रसिक माणसाने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून हे उभं राहिलं. सुरुवात १९२० ची, भारतीय कला परिषद म्हणून, रवींद्रनाथ टागोर तिचे पहिले अध्यक्ष, आणि १९५० मधे ते विद्यापीठाकडे आलं. एक लाखाच्या वर वस्तू आहेत, सगळ्या मांडलेल्या अर्थातच नाहीत.

काय बघायचं? वेळ कमी असेल तर तीनच गोष्टी. एक, गुप्तकाळातल्या मूर्ती, त्यातला गोवर्धनधारी कृष्ण आणि मोरावर बसलेला कार्तिकेय. कृष्ण अंगाने चांगला थोराड आहे, हात वर, पर्वत डोक्यावर, आणि चेहऱ्यावर काही ताण नाही. तिथे जरा उभे राहा, बाजूने बघा. दोन, लघुचित्रं, म्हणजे मुघल, राजस्थानी, पहाडी शैलीतली. ही चित्रं छोटी असतात, लांबून बघून काही कळत नाही, नाक काचेला लागेल इतकं जवळ जायचं. तीन, निकोलस रोरिक या रशियन चित्रकाराची हिमालयाची चित्रं. आणि अ‍ॅलिस बोनर ही स्विस बाई, ती अस्सी घाटावर राहायची, वर्षानुवर्षं, तिच्या नावाची गॅलरी आहे. तुम्ही अस्सीला उतरला असाल तर तेवढाच शेजार.

बॅग बाहेर ठेवावी लागते, फोटोबद्दल आधी विचारा. रविवारी आणि विद्यापीठाच्या सुट्टीला बंद असतं, वेळा अधूनमधून बदलतात त्यामुळे निघायच्या आधी चेक करा, कारण कुलूप बघून परत यायला जीवावर येतं. किती वेळ द्यायचा? किमान एक तास. लहान मुलं कंटाळली तर बाहेर झाडं भरपूर आहेत, एकाने मुलांना घेऊन थांबा, मग पाळी बदला.

वीटी, म्हणजे नवीन विश्वनाथ मंदिर

मालवीयजींना विद्यापीठाच्या मध्यावर विश्वनाथाचं मंदिर हवं होतं. मार्च १९३१ मधे पायाभरणी झाली, बिर्लांनी पैसे दिले, आणि पूर्ण व्हायला १९६६ उजाडलं. मालवीयजी १९४६ मधेच गेले, त्यांना ते पूर्ण झालेलं बघायला मिळालं नाही. शिखराची उंची साधारण ७७ मीटर, म्हणजे अडीचशे फुटांच्या वर. एवढं उंच असल्याने कॅम्पसमधे रस्ता चुकलात तर शिखर शोधायचं आणि त्या दिशेला चालायचं, नकाशापेक्षा ते सोपं.

जुन्या विश्वनाथाच्या गल्लीतली गर्दी, रांगा, तपासणी हे सगळं सोसून आलेल्या माणसाला इथे एकदम मोकळं वाटतं. कोणीही जाऊ शकतं, जात धर्म काही विचारत नाहीत, मालवीयजींची तीच अट होती. आत पांढरा संगमरवर, भिंतींवर गीतेचे श्लोक कोरलेले. शंकराचं दर्शन झालं की बहुतेक लोक तिथूनच उलटे फिरतात, तुम्ही जिना चढून वर जा. वर लक्ष्मीनारायण आणि दुर्गा यांची मंदिरं आहेत, आणि वर गर्दी कमी असल्याने भिंतींवरचं कोरीव लिखाण शांतपणे वाचता येतं, ज्याला गीता थोडीफार पाठ आहे त्याने आपला अध्याय शोधावा. दुपारी बारानंतर थोडा वेळ मंदिर बंद असतं, त्या हिशोबाने पोचा. मोबाइल, चपला वगैरेसाठी बाहेर सोय आहे.

मंदिराबाहेर खाण्याच्या टपऱ्या आहेत आणि इथली कोल्ड कॉफी विद्यार्थ्यांमधे फेमस आहे. पिऊन बघा. जगातली सगळ्यात ग्रेट कॉफी आहे असं मी म्हणणार नाही, पण बाजूला बसलेल्या पोरापोरींच्या गप्पा ऐकायला मिळतात, बिहारची, पूर्वांचलची (म्हणजे पूर्व उत्तर प्रदेशची), बंगालची, नेपाळची सुद्धा, आणि कॅम्पस म्हणजे काय ते इमारतींपेक्षा तिथे जास्त कळतं.

सेंट्रल लायब्ररी, मराठी माणसाने इथे तरी जावंच

आता माझी सगळ्यात आवडती जागा. नाव वाचा, सयाजीराव गायकवाड केंद्रीय ग्रंथालय. हो, बडोद्याचे आपले सयाजीराव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ मधे दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि पुढे ज्याने आपल्या संस्थानात गावोगाव वाचनालयं काढली, त्याच माणसाच्या देणगीतून ही इमारत उभी राहिली. मालवीयजी १९३१ मधे गोलमेज परिषदेला लंडनला गेले होते, तिथली ब्रिटिश म्युझियमची गोल रीडिंग रूम त्यांना आवडली आणि तसंच काहीतरी आपल्याकडे हवं असं त्यांनी डोक्यात घेतलं. त्या धर्तीवर हे बांधलं गेलं, १९४१ मधे पूर्ण झालं. सयाजीराव १९३९ मधेच वारले होते.

गंमत बघा, आतला आराखडा लंडनचा, बाहेरचा थाट देशी, पैसा बडोद्याचा आणि कल्पना अलाहाबादच्या वकिलाची, म्हणजे मालवीयजींची. मधला मोठा गोल हॉल हा या इमारतीचा जीव आहे. वाचायला बसायला मेंबर कार्ड लागतं आणि आत पोरं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत बसलेली असतात, त्यामुळे मोठ्याने बोलत, सेल्फी काढत घुसू नका. दारावरच्या माणसाला नम्रपणे सांगा की महाराष्ट्रातून आलोय, सयाजीरावांचं ग्रंथालय बघायचंय, दोन मिनिटं हॉल बघू द्या. सोडलं तर छान, नाही सोडलं तर हुज्जत घालायची नाही, बाहेरून चक्कर मारा, बाहेरूनही इमारत देखणी आहे.

मराठीचा विषय निघालाच आहे तर, कला शाखेत इथे मराठी विभागही आहे. आणि जयंत नारळीकर याच कॅम्पसवर वाढले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ मधे मालवीयजींच्या बोलावण्यावरून इथे आले आणि गणित विभागाचे प्रमुख झाले. जयंतरावांनी १९५७ मधे इथूनच बीएस्सी केलं आणि मग केंब्रिजला गेले. गणिताच्या विभागासमोरून जाल तेव्हा एवढं आठवलं तरी बास. बरोबर शाळकरी मुलं असतील तर त्यांना सांगा, मूर्तींपेक्षा ही गोष्ट ती जास्त लक्षात ठेवतील.

होस्टेलच्या पाट्या वाचत चालणं

हा भाग मंदिराहून परतताना करा. बिर्ला, रुइया, ब्रोचा, आणि आयआयटीच्या बाजूला लिंबडी, मोरवी, राजपुताना, धनराजगिरी. ज्या संस्थानाने, शेठजीने, महंताने दिलं त्याचं नाव होस्टेलला. संस्थानं विलीन होऊन पंचाहत्तर वर्षं होऊन गेली, पण लिंबडी आणि मोरवी हे शब्द इथल्या पोरांच्या तोंडी रोज असतात, भले लिंबडी नक्की कुठे आहे ते त्यांना विचारलं तर सांगता येणार नाही. (गुजरातेत, सौराष्ट्रात.) होस्टेलच्या आत मात्र जाऊ नका, ती मुलांची राहायची जागा आहे. मुलींच्या होस्टेलजवळ कॅमेरा काढूच नका, हे वेगळं सांगायला लागू नये पण लागतं.

आयआयटी वेगळी संस्था आहे पण याच आवारात. १९१९ मधे इथे इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, नंतर खाण-धातू आणि टेक्नॉलॉजीची कॉलेजं, १९६८ मधे सगळी एकत्र करून आयटी-बीएचयू आणि २०१२ मधे आयआयटी. इमारती त्याच थाटाच्या, त्यामुळे हद्द कुठे सुरू झाली ते पाटी वाचल्याशिवाय समजत नाही.

शेती संस्थेची शेतं, आयुर्वेदाची बाग, अ‍ॅम्फीथिएटर मैदान, हे वेळ उरला तर. नाही बघितलं तर काही बिघडत नाही. सर सुंदरलाल हॉस्पिटलच्या बाजूने मात्र उगाच जाऊ नका, पूर्वांचल आणि बिहारमधून पेशंट येतात, सतत गर्दी असते, आपण फिरायला आलेल्यांनी तिथे अडथळा कशाला.

काही बारीकसारीक

पाण्याची बाटली भरून घ्या. स्वच्छतागृह म्युझियममधे किंवा मंदिराजवळ उरकून घ्या, मधल्या रस्त्यांवर शोधत बसाल. बूट चालायचे हवेत पण मंदिरात पटकन काढता येतील असे. वर्ग चालू असताना इमारतींच्या व्हरांड्यात घोळका करून फिरू नका. सुट्टीच्या दिवशी कॅम्पस शांत आणि फोटोला चांगलं, पण म्युझियम बंद, त्यामुळे माझं मत विचाराल तर मंगळवार ते शुक्रवारमधला कुठलाही कामाचा दिवस घ्या.

क्रम परत एकदा, ज्यांनी मधलं वाचलं नाही त्यांच्यासाठी: सिंहद्वार, मालवीय भवन, कला भवन, वीटी, लायब्ररी, मग होस्टेलच्या रस्त्याने परत. म्युझियम उशिरा उघडणार असेल तर वीटी आधी उरका आणि कला भवन नंतर, बाकी तसंच.

बाहेर पडल्यावर लंकेवर लस्सीची दुकानं आहेत, कुल्हडात मिळते, वर मलई. ती झाली की दिवस शिल्लक असेल तर सामने घाटाच्या पुलावरून रिक्षाने रामनगरला जा. विद्यापीठाला ही एवढी जमीन दिली ती काशी नरेश प्रभुनारायण सिंहांनी, आणि रामनगरचा किल्ला त्यांचाच. किल्ल्यातलं म्युझियम संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणून लस्सीला फार वेळ लावू नका.